भिंतीतली तार कोण ठरवणार? इमारतींमधले पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क समजून घेताना

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून या शिबिरात शिष्यवृत्ती, रोजगार आणि आपल्या संस्थांचा कारभार यांवर चर्चा झाली. मी बोलणार आहे भिंतीच्या आतल्या केबलवर. विषय कोरडा वाटेल, पण तो या तिन्ही गोष्टींशी जोडलेला आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑप्टिकल नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझे काम चालते. प्रकाश कुठपर्यंत पोहोचला, कोणता डबा बंद पडला, कोणत्या खोलीत वीज गेली, हे पडद्यावर दाखवणारी ही प्रणाली असते. मी केबल विकत नाही आणि ठेकेही घेत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू मोकळेपणाने सांगू शकतो.

अलीकडे मला एका प्रकारचे फोन वारंवार येतात. एखादी शिक्षणसंस्था नवे वसतिगृह किंवा कॉलेजची इमारत बांधत असते. पैसा चंद्यातून जमलेला असतो. ट्रस्टींपैकी कोणी चाचा म्हणतात, "बेटा, तू इंजिनिअर आहेस ना, जरा हे कोटेशन बघून सांग." कोटेशन दोन असतात. एक नेहमीच्या कॅट सिक्स केबलचे, दुसरे 'पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क'चे. दुसऱ्यावर लिहिलेले असते की वीज वाचेल, जागा वाचेल आणि पुढची पंचवीस वर्षे बघावे लागणार नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असा फोन आज ना उद्या येणार आहे. त्या वेळी काय बघायचे, ते आज सांगतो.

जुनी पद्धत काय आहे?

ऑफिसात किंवा कॉलेजात भिंतीवर जो नेटवर्कचा पॉइंट दिसतो, त्यामागे तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असलेली केबल असते. ती त्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत जाते. तिथे रॅक असतो, रॅकमध्ये स्विच, खाली यूपीएस आणि परवडत असेल तर एसी. अशी खोली जवळपास प्रत्येक मजल्यावर लागते, कारण तांब्याला अंतराची मर्यादा आहे. भिंतीतली केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, एकूण १०० मीटर. अमेरिकेत १९९१ मध्ये टीआयए ५६८ हे मानक आले, तेव्हापासून जगभरातल्या इमारती साधारण याच नकाशावर उभ्या आहेत.

या पद्धतीला नावे ठेवायचे कारण नाही. पंचवीस वर्षांपूर्वी नीट टाकलेली कॅट फाइव्ह-ई केबल आजही एक गिगाबिट वेग देते. शिवाय तांब्याचा एक मोठा फायदा आहे. त्याच तारेतून वीजही पाठवता येते. याला 'पॉवर ओव्हर इथरनेट' किंवा पीओई म्हणतात. २००३ च्या मानकात एका पॉइंटवर १५.४ वॅट देता येत होते, २००९ मध्ये ३० वॅट झाले आणि २०१८ मध्ये मर्यादा ९० वॅटपर्यंत गेली. छतावरचा वायफायचा डबा, सीसीटीव्ही कॅमेरा, टेबलावरचा फोन, सगळे एका केबलवर चालतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रकाश वाटून घेण्याची पद्धत

पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्कमध्ये मजल्यावरचा स्विच निघून जातो. इमारतीच्या मुख्य खोलीत एक यंत्र असते, त्याला ओएलटी म्हणतात. त्याच्या एका पोर्टमधून काचेचा एकच धागा निघतो आणि मजल्यावरच्या एका लहानशा डबीत जातो. ही डबी म्हणजे स्प्लिटर. तो आलेला प्रकाश ३२ धाग्यांमध्ये वाटून देतो. स्प्लिटरला वीज, पंखा, एसी, सॉफ्टवेअर यांपैकी काहीच लागत नाही, म्हणूनच या जाळ्याला 'पॅसिव्ह' म्हणतात. प्रत्येक खोलीत शेवटी एक छोटा डबा बसतो, तो ओएनटी. तो प्रकाशाचे रूपांतर पुन्हा नेहमीच्या नेटवर्क पॉइंटमध्ये करतो.

घरी फायबर ब्रॉडबँड असेल तर हेच तंत्र तुम्ही रोज वापरता. भारतनेटने ग्रामपंचायतींपर्यंत नेलेल्या फायबरवरही हे तंत्र वापरले गेले. आता तेच गल्लीतून इमारतीच्या आत येत आहे.

एका धाग्यावर ३२ जण कसे बोलतात? सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या जीपॉन प्रकारात ओएलटीकडून खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि खोलीकडून वर जाणारा १३१० चा. दोन्ही एकाच धाग्यात राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. खाली येणारी माहिती ३२ ही खोल्यांपर्यंत पोहोचते. ती प्रत्येकासाठी वेगळ्या किल्लीने कुलूपबंद केलेली असते, त्यामुळे शेजारच्याची माहिती हाती आली तरी उघडत नाही. वर पाठवताना मात्र वर्गातल्या हजेरीसारखे चालते. ज्याचे नाव पुकारले त्यानेच बोलायचे. कोणाला किती वेळ द्यायचा, हे ओएलटी सेकंदाच्या अगदी छोट्या भागात ठरवत असते. लांबच्या खोलीचा प्रकाश उशिरा पोहोचतो, म्हणून प्रत्येक खोलीचे अंतर मोजून 'तू एवढे थांबून बोल' हेही तो सांगतो.

आता वेगाचे गणित करू. जीपॉनमध्ये खाली सुमारे २.५ गिगाबिट आणि वर सुमारे १.२५ गिगाबिट मिळतात. ३२ खोल्या एकाच क्षणी पूर्ण जोर लावू लागल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला खाली साधारण ७७ आणि वर ३९ मेगाबिट येतात. सगळे एकदम जोर लावत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात वेग बराच जास्त जाणवतो. वसतिगृहाला एवढे भरपूर झाले. व्हिडिओ एडिटिंगची लॅब असेल तर कमी पडेल. तिथे एक्सजीएस-पॉन हा पुढचा प्रकार आहे. तो दोन्ही दिशांना १० गिगाबिट देतो आणि त्याची तरंगलांबी वेगळी असल्याने त्याच धाग्यावर जीपॉनच्या सोबतीने चालू शकतो. म्हणजे वेग वाढवताना टोकांची यंत्रे बदलावी लागतात, भिंत फोडावी लागत नाही. माझ्या मते या तंत्राची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे.

वीज खरंच वाचते का?

या तंत्राच्या प्रचारात एक उदाहरण हमखास येते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सँडिया नॅशनल लॅबोरेटरीज ही अण्वस्त्रांवर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिने तांब्याचे जुने जाळे काढून पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क बसवले. तिने २०१३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २६५ इमारती आणि सुमारे १३,००० पोर्ट त्यात येत होते. पाच वर्षांत अंदाजे दोन कोटी डॉलर वाचतील आणि या जाळ्याचा विजेचा खर्च ६५ टक्क्यांनी कमी होईल, असा त्यांचा अंदाज होता.

आकडे मोठे आहेत. पण ते आपल्या वसतिगृहाला लागू पडतात का? हिशेब करू.

समजा पाच मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर ३० खोल्या, म्हणजे एकूण १५० खोल्या. तांब्याच्या पद्धतीत प्रत्येक मजल्यावर २४ पोर्टचे दोन, असे दहा स्विच लागतील. एका साध्या स्विचला २० वॅट धरले तर २०० वॅट होतात. फायबरच्या पद्धतीत पाच स्प्लिटर लागतील, त्यांची वीज शून्य. पण १५० खोल्यांत १५० ओएनटी आले. प्रत्येकी पाच वॅट धरले तरी ७५० वॅट झाले आणि ओएलटीची वीज वेगळीच. म्हणजे वीज वाढली! कोटेशनमध्ये 'मजल्यावर शून्य वीज' असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. वीज मजल्यावरून उचलून खोल्यांत नेऊन ठेवलेली असते, एवढेच. जिथे मजल्यामजल्यावर मोठे स्विच आणि त्यांच्यासाठी दिवसरात्र एसी चालतो, तिथे बचत मोठी होते. आपल्या वसतिगृहात रॅकच्या खोलीत पंखासुद्धा नसतो.

दुसरा प्रश्न पीओईचा. काचेतून वीज जात नाही. कॅमेरा आणि वायफायच्या डब्याला वीज कुठून देणार? त्यासाठी पीओई देणारा मोठा ओएनटी घ्यावा लागतो किंवा प्रत्येक ठिकाणी प्लग पॉइंट काढावा लागतो. आणि लोडशेडिंग झाले की खोलीतला ओएनटी बंद पडतो. मजल्यावरच्या एका यूपीएसवर ३० खोल्यांचे स्विच चालत होते, आता ३० डब्यांना बॅटरी कोण देणार?

मग हे तंत्र घ्यावे कुठे? मी तीन प्रकार करतो.

पहिला प्रकार, पसरलेला परिसर. शाळा, ज्युनिअर कॉलेज, आयटीआय आणि वसतिगृह एकमेकांपासून दोनशे-चारशे मीटरवर असतील, तर १०० मीटरची मर्यादा असलेल्या तांब्याचा तिथे उपयोग नाही. जीपॉन २० किलोमीटरपर्यंत जाते. दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलमधून विजांच्या कडकडाटात यंत्रे जळण्याची भीती असते. काच वीज वाहत नाही. फक्त केबलला लोखंडी कवच नसावे, किंवा असेल तर त्याचे अर्थिंग झालेले असावे.

दुसरा प्रकार, राहत्या घरांची सोसायटी. प्रत्येक घरात वायफाय राउटर लागणारच असतो. ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात येतात, त्यामुळे जास्तीची वीज जवळजवळ लागत नाही. इथे पॅसिव्ह ऑप्टिकल सरळ पटते.

तिसरा प्रकार, एकच इमारत, जिथे मुलांना मुख्यतः वायफाय हवे असते. इथे प्रत्येक खोलीत पॉइंट काढायची गरज असते का, हे आधी विचारा. अनेकदा प्रत्येक मजल्यापर्यंत फायबर, तिथे पीओईचा एकच छोटा स्विच आणि तिथून चार-पाच वायफायच्या डब्यांपर्यंत तांबे, हे सर्वांत स्वस्त आणि सोपे पडते. ही मिश्र पद्धत कोटेशनमध्ये क्वचितच दिसते. ती मागावी लागते.

बिघाड झाल्यावर कळते, मालक कोण

एका वसतिगृहाचे उदाहरण सांगतो. तिथे एका ठेकेदाराने पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क बसवले होते. एका मजल्याचे इंटरनेट अधूनमधून जायचे. परत यायचे, पुन्हा जायचे. नेमके महाडीबीटीचे अर्ज भरायचे दिवस होते. मुली मोबाईलच्या डेटावर कागदपत्रे अपलोड करत होत्या. ज्यांचा डेटा संपला त्या रात्री सायबर कॅफे शोधत होत्या. ठेकेदाराचे म्हणणे होते की ओएलटी जुना झाला, नवा घ्या.

मी नोंदी बघायला मागितल्या. ओएलटीचा पासवर्ड संस्थेकडे नव्हता, ठेकेदाराकडे होता. वार्षिक देखभालीचा करार झाल्याशिवाय तो द्यायला तयार नव्हता. दोन दिवस त्यात गेले. नोंदी हातात आल्यावर कारण दिसले. एका खोलीतला ओएनटी बिघडला होता आणि आपली पाळी नसतानाही प्रकाश सोडत होता. हजेरी चालू असताना एक मुलगा सतत ओरडत राहिला तर कोणाचेच नाव ऐकू येत नाही, तसे झाले होते. या बिघाडाला 'रोग ओएनटी' म्हणतात आणि त्यामुळे त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या खोल्या बंद पडू शकतात.

उपाय सोपा होता. स्प्लिटरवर एकेक धागा काढून बघायचा. पण स्प्लिटर कुठे आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. नकाशा दिलेला नव्हता. शेवटी तो फॉल्स सीलिंगच्या वर, दार न ठेवलेल्या जागी सापडला. सीलिंग कापावे लागले. पाच मिनिटांच्या दुरुस्तीला पाच दिवस लागले आणि नवा ओएलटी घ्यायची गरजच नव्हती.

तंत्र चांगले होते, माल चांगला होता, पैसाही लोकांनी मनापासून दिला होता. पण त्या जाळ्याची माहिती संस्थेच्या हातात नव्हती. लोकांचा पैसा ही अमानत आहे असे आपण म्हणतो. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या जाळ्याचा नकाशा, पासवर्ड आणि चाचणीचे कागद हीसुद्धा अमानतच आहे. ती ठेकेदाराच्या खिशात राहता कामा नये.

म्हणून कोटेशन समोर आले की या गोष्टी लेखी मागा.

एक, प्रत्येक धाग्याची चाचणी. प्रकाश किती कमी होतो, हे डेसिबलमध्ये मोजतात. १:३२ स्प्लिटरवर साधारण १७ डेसिबल, कनेक्टर आणि जोड मिळून दोन-तीन, म्हणजे इमारतीत एकूण २० च्या आसपास यायला हवे. जीपॉनच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात १३ ते २८ डेसिबल चालतात. २८ च्या वर गेले तर प्रकाश पोहोचत नाही आणि १३ च्या खाली आले तर डोळे दिपल्यासारखे होऊन यंत्र वाचू शकत नाही. लहान इमारतीत १:८ चा स्प्लिटर लावला की ही अडचण येऊ शकते. तेव्हा प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर घ्या.

दोन, नकाशा. स्प्लिटर कुठे आहे, कोणता धागा कोणत्या खोलीत जातो, आणि तिथे पोहोचायला दार आहे का.

तीन, सर्व पासवर्ड आणि सेटिंगची प्रत, काम पूर्ण होण्याच्या दिवशी, अंतिम बिल देण्याआधी.

चार, दुसऱ्या कंपनीचा ओएनटी याच ओएलटीवर चालवून दाखवणे. मानक एकच असले तरी प्रत्येक जोडी नीट जुळतेच असे नाही. नाही जुळली तर पुढची सगळी वर्षे एकाच दुकानातून माल घ्यावा लागतो.

पाच, मुख्य धागा तुटला किंवा ओएलटी बंद पडला तर काय? दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन धागे एकाच स्प्लिटरला जोडता येतात. दवाखाना किंवा परीक्षा केंद्र असेल तर हे मागाच.

सहा, तांबे घेणार असाल तर ते खरेच तांबे असल्याची खात्री. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल कॅट सिक्स म्हणून बाजारात विकली जाते. ती मानकात बसत नाही आणि पीओईची वीज दिल्यावर जास्त तापते.

आणि काहीही निवडा, रिकामे पाइप आणि शाफ्टमधली जागा सोडायला आर्किटेक्टला आजच सांगा. यंत्रे सात-आठ वर्षांत बदलतात, भिंती पन्नास वर्षे राहतात. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून स्टार देण्याचे नियम आणले आहेत. पाणी आणि लिफ्टसारखीच ही सोयही आता इमारत जोखताना मोजली जाणार आहे.

हे काम करणार कोण?

शेवटचा मुद्दा रोजगाराचा. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, मिरज, नांदेड, कुठेही जा, आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले केबलवाल्याकडे कामाला आहेत. खांबावर चढून फायबर ओढतात, जोड मारतात, घरी येऊन ओएनटी बसवतात. पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क त्यांना पुस्तकाशिवाय येते. आपल्याच राज्यात वाळूज आणि शेंद्रा इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे ऑप्टिकल फायबरचे कारखाने आहेत. धागा इथे बनतो, जोडणारे हात इथे आहेत. पण इमारतीच्या आतल्या कामाचे टेंडर निघते तेव्हा ही मुले रोजंदारीवर असतात आणि बिल दुसऱ्याच्या नावावर निघते.

त्यांना कमी पडते ते कागदावरचे काम. प्रकाशाचा हिशेब लिहून देणे, चाचणीचा अहवाल, नकाशा, जीएसटीचे बिल. ऑप्टिकल फायबर स्प्लायसर आणि टेक्निशियन यांसाठी टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलचे अभ्यासक्रम आहेत. तुम्ही इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा केलेले असाल तर अशा चार मुलांबरोबर बसा. त्यांच्याकडून जोड मारायला शिका, त्यांना अहवाल लिहायला शिकवा. पाच-सहा जणांची फर्म यातून उभी राहू शकते, आणि मोहल्ल्यातल्या संस्थेला ओळखीचा, जबाबदार माणूस मिळतो.

मुलींनाही हेच सांगतो. जोड मारणे हे ताकदीचे काम नाही. केसाएवढ्या काचेची टोके स्वच्छ करून, सरळ कापून, यंत्रात ठेवायची असतात. त्याला हाताची स्थिरता आणि संयम लागतो. चाचणी आणि नेटवर्कवर देखरेखीचे काम तर टेबलावर बसून होते. काळजी दोनच गोष्टींची घ्यायची. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचे नाही, कारण तो प्रकाश दिसत नसला तरी असतो. आणि काचेचे तुकडे डबीतच टाकायचे, चटईवर नाही.

माझे बोलणे इथे थांबवतो. तुमच्यापैकी कोणाच्या संस्थेचे कोटेशन मोबाईलमध्ये असेल तर ते आता काढा. नाव झाकून पडद्यावर लावू आणि एकेक ओळ मिळून वाचू. प्रश्न त्यातूनच विचारा.